बटलरची खोली

ऑस्ट्रेलिया मी पाहिलेला नाही, आणि आता या वयात पाहायची इच्छाही उरलेली नाही. मला जो ऑस्ट्रेलिया माहीत आहे तो नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावात, विटांच्या एका रांगेतल्या घरात, माझ्या बाबाने स्वतःच्या हौसेने बांधून घेतला होता. तिथे ऊन नव्हतं, समुद्र नव्हता, ऐसपैस जागाही नव्हती. बाकी सगळं ऑस्ट्रेलियन होतं.

त्याआधी ते घर चारचौघांच्या घरासारखं होतं, म्हणजे अरुंद, उंच आणि थोडं कुरकुरणारं. जिन्याची चौथी-पाचवी पायरी वाजायची, त्यामुळे कोण वर चाललंय ते न बघता कळायचं. रस्त्याच्या बाजूला बसायची खोली, तिच्यामागे जेवणाची खोली, दोघींच्या मध्ये जुनी सरकती काचेची दारं. जेवणाच्या खोलीला लागून आईचं स्वयंपाकघर होतं. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे, पण त्याला दार होतं आणि ओट्यासमोर बागेकडे उघडणारी खिडकी होती. शनिवारी सकाळी आई दार लावून फोडणी करायची. दारामागून आधी मोहरीचा तडतडाट यायचा, मग कांदा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग ती दार उघडून पोह्यांची कढई घेऊन बाहेर यायची, तेव्हा तो वास एकदम सगळ्या घरात शिरायचा. आई मूळची मालवणची. बाजारातून बांगडे मिळाले तर तेही याच दारामागे तळले जायचे आणि बाबाच्या ऑफिसच्या कोटाला वास लागायचा नाही. जेवणाच्या खोलीच्या बरोब्बर वर एक लहानशी खोली होती. तिथे आई काम करायची. पगाराची सॉफ्टवेअरं तपासून चुका काढणं हे तिचं काम, आणि चुका काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरातल्या चुका मात्र ती बराच काळ काढत नसे.

बाबा एका मालवाहतुकीच्या कंपनीत होता. कुठला ट्रक कुठल्या रस्त्यावर आहे हे दाखवणारी प्रणाली सांभाळायचा. हुशार माणूस, नाही असं नाही. पण पुण्याच्या कॉलेजातला त्याचा मित्र प्रसन्न मेलबर्नला होता, त्याने तिथे घर बांधलं आणि वास्तुशांतीला बाबाला बोलावलं. काही लोक हिमालयात जाऊन बदलून येतात. माझा बाबा मेलबर्नच्या एका उपनगरात जाऊन बदलून आला. परत आल्यावर त्याने आमच्या घरात उभं राहून आजूबाजूला पाहिलं, आणि जणू कुणीतरी त्याला फसवून इथे आणून ठेवलंय अशा आवाजात म्हणाला, "आपण किती बंद-बंद राहतो गं, अनु."

"थंडी असते म्हणून," आई म्हणाली.

मग संध्याकाळी टीव्हीवर ऑस्ट्रेलियातल्या घरं सजवण्याच्या मालिका सुरू झाल्या. प्रत्येक भागात एक जोडपं भिंती पाडायचं, शेवटी डोळ्यांवरची पट्टी काढून नवा नळ बघायचं आणि रडायचं. नळ बघून रडणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बाबासुद्धा मधूनच घसा खाकरायचा. आईने एकदा विचारलं की यांच्यातलं कुणी काही शिजवतं का, तर तो म्हणाला, "मुद्दा तो नाहीये."

प्रसन्नकाकाची बायको रेवती घरांच्या आतल्या सजावटीचं काम करायची. तिने बाबाला सांगितलं की नकाशा मी करून देते, तुझ्यासाठी एवढं तर करीनच. रविवारी सकाळी, तिकडची संध्याकाळ असताना, ती आमच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये प्रकट व्हायची. मी तिला रेवतीकाकू म्हटलं तर म्हणाली, "काकू नको गं, मला सगळे रेव म्हणतात." मी त्यानंतर तिला काहीच म्हटलं नाही. तिचं मराठी पुण्याचंच होतं, फक्त दर वाक्यात एकदा 'फ्लो' यायचा. आत आणि बाहेर यांच्यात फ्लो, स्वयंपाक आणि जेवण यांच्यात फ्लो. घर आहे की ओढा, हे विचारायचं माझ्या जिभेवर असायचं. मी तेव्हा घरात डचमध्येच उत्तरं द्यायचे, आणि टोमणा डचमध्ये मारला तर बाबाला निम्माच कळायचा, म्हणून गप्प बसायचे.

एका रविवारी तिने नकाशा पडद्यावर मांडला. घर मागे बागेत वाढवायचं, मागची सगळी भिंत काचेची करायची, आणि पुढे छपराखाली लाकडी ओटा, बाहेर बसून जेवायला.

"तुमची बाग उत्तरेला आहे हे केवढं नशीब आहे," रेवती म्हणाली. "लोक उत्तरेच्या प्लॉटसाठी इथे मारामाऱ्या करतात. दिवसभर ऊन."

आई चहा गाळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "उत्तरेला ऊन कुठून येणार?"

"अगं, उत्तरेचंच तर ऊन असतं अनुराधा."

"तुमच्याकडे."

लॅपटॉपमध्ये रेवतीचं नकाशावर फिरणारं बोट थांबलं. पृथ्वी गोल आहे आणि आपण तिच्या कुठल्या अर्ध्या भागावर राहतो हे रेवतीच्या लक्षात येत असावं. मला वाटलं आता हे सगळं थांबेल. पण बाबाने पुढे वाकून, फार मोठी गोष्ट समजावल्यासारखं सांगितलं, "उजेड म्हणजे ऊनच असं नाही, अनु. हा सॉफ्ट लाइट आहे. चित्रकारांना हाच लागतो."

"आपल्याकडे चित्रकार कोण आहे?" आई म्हणाली आणि चहा पुढे ठेवला. नकाशात काहीही बदललं नाही.

गेमेन्टेची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी आली, आणि पानगळीपासून वसंतापर्यंत आम्ही वरच्या मजल्यावर राहिलो. आंघोळीच्या खोलीत विजेच्या शेगडीवर आई खिचडी करायची आणि खाली भिंती पडत असायच्या. सरकती काचेची दारं गेली, जिन्याची वाजणारी पायरी गेली, आणि एके दिवशी आईची कामाची खोली गेली. म्हणजे तिची जमीनच कापून काढली. रेवतीच्या नकाशात त्या जागेवर इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा सरळ अर्थ पोकळी. जेवायच्या टेबलावर दुमजली उंचीची मोकळी हवा पाहिजे, त्याने म्हणे मन मोठं होतं. जगात माणसं पोकळी भरायला घरं बांधतात. आम्ही नांदती खोली मोडून पोकळी बांधली.

घर तयार झालं तेव्हा ते पाहून मला दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटलं. खाली करड्या काँक्रीटची गुळगुळीत जमीन. मध्ये पांढऱ्या दगडाचा एवढा मोठा ओटा की त्यावर माणूस आडवा करून शस्त्रक्रिया करता आली असती. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत सलग पांढऱ्या फळ्या, कुठेही मूठ नाही, कडी नाही; दाबलं की उघडायचं. त्यातली एक फळी म्हणजे दार होतं आणि त्यामागे रेवतीची खास देणगी होती. तिकडे तिला बटलरची खोली म्हणतात. पुढचं स्वयंपाकघर लोकांनी बघायचं, आणि त्यामागच्या चिंचोळ्या खोलीत खरा स्वयंपाक, खरकटं, मिक्सर, कुकर, पिठाचे डबे. आमची ही खोली म्हणजे आईचं जुनंच स्वयंपाकघर होतं. फक्त घर मागे वाढल्यामुळे त्याची खिडकी आता घरातच उघडली असती, म्हणून ती बुजवली होती. देव्हाराही तिथेच गेला, कपडे धुवायच्या यंत्राच्या वरच्या फळीवर. पांढऱ्या दगडावर हळदीचा डाग पडतो आणि मग तो जात नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं, तेव्हा ठरलं की पुढे फक्त फळं ठेवायची आणि कॉफी करायची. आमच्याकडे बटलर नव्हता. ज्याच्यासाठी ती खोली होती ते काम कोण करणार होतं, हे न बोलता ठरलेलं होतं.

त्या घराचे आवाज मला अजून आठवतात, कारण ते कुठे थांबतच नसत. बाबाची सकाळची मीटिंग पोकळीतून वर माझ्या खोलीत यायची. मी वर खोकले तर खाली त्याचे सहकारी 'गेट वेल सून' म्हणायचे. आई आता ओट्याच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसायची, आणि बाबा येता-जाता म्हणायचा, काम झालं की ते वायरींचं जंजाळ उचल हं. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या होत्या, पण सगळी ऊब पोकळीतून वर छताला जाऊन बसायची आणि आम्ही खाली मोजे घालून तिची वाट बघायचो. काचेबाहेर तो उत्तरेचा लाकडी ओटा. त्यावर एक उन्हाळाभर गोगलगायींनी जेवण केलं, आम्ही नाही. हिवाळ्यात त्यावर शेवाळ धरलं. बाबा प्रेशरच्या पाण्याने ते खरवडायचा, आत यायचा, दाढीवर हिरवे शिंतोडे, आणि म्हणायचा, "जरा मेंटेनन्स असतोच."

शेजारच्या योकेबाई घर बघायला आल्या. एकट्या राहणाऱ्या, नाकासमोर चालणाऱ्या बाई. रस्त्याच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, त्यांच्या दाराशी एक बाक होता आणि ऊन असलं की त्या तिथे असायच्या. त्यांनी सगळीकडे हिंडून पाहिलं, पोकळीत मान वर करून पाहिलं, आणि बाबाला डचमध्ये म्हणाल्या, "छान आहे. आणि तुम्ही राहता कुठे?" बाबाला वाटलं त्यांना पत्ता हवाय. त्याने घरनंबर सांगितला. मी आईकडे पाहिलं तर ती पटकन फळी दाबून बटलरच्या खोलीत गेली. आतून बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत होता. ती हसत होती की रडत होती हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही नाही.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा रेवती युरोपच्या दौऱ्यावर आली आणि आमच्याकडे चार दिवस उतरली. तिकडच्या घरसजावटीच्या एका वेबसाइटला तिचं हे काम हवं होतं: डच विटांच्या आड ऑस्ट्रेलियन घर. स्वतः काढलेल्या घरात राहायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. वसंत होता, पण इथला, म्हणजे गारठ्याचा. ती चारही दिवस पिसं भरलेला कोट घालून पांढऱ्या ओट्यापाशी बसली आणि रोज सकाळी हीटर बिघडलाय का असं विचारत राहिली. फोटोच्या आदल्या दिवशी तिने आमच्या वस्तू खोक्यांत भरल्या. माझी दप्तरं, बाबाचा चष्म्याचा डबा, फ्रिजवरचं कालनिर्णय, दाराशेजारच्या चपला, सगळं बटलरच्या खोलीत. त्या जागी तिने लिंबांचा वाडगा, मेंढीचं कातडं आणि निलगिरीची एक फांदी आणून ठेवली. फांदी तिने फुलवाल्याकडून विकत घेतली होती, आणि ती इथल्याच कुठल्यातरी काचघरात वाढलेली होती.

"आपल्या लोकांना ना, घर म्हणजे सामान ठेवायची जागा वाटते," ती बाबाला म्हणाली. बाबाने मान डोलावली. आई तेव्हा तिच्यासाठी थालीपीठं लावत होती, आत.

फोटोच्या दिवशीच आईची मुलाखत होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमध्ये, म्हणजे तिथल्या बँका-ऑफिसांच्या भागात, एका बँकेत मोठी जागा होती. मुलाखत लॅपटॉपवरच होणार होती. तारीख तिने बाबाला आधीच सांगितली होती. त्याने ऐकली होती, आणि त्याच दिवशी फोटोवाल्याला बोलावलं होतं. वरच्या खोल्यांचेही फोटो व्हायचे होते, तेव्हा कुठे बसायचं हा प्रश्न आला. रेवतीने तो चटकन सोडवला. "अगं आत बस ना. खाली दार असलेली तेवढी एकच जागा आहे."

वर चांगला निळा कोट, खाली घरातली सलवार अशी आई लॅपटॉप घेऊन आत गेली आणि फळी तिच्यामागे मिटली. फोटोवाला, एक लांबोडका डच तरुण, तेव्हा बाहेर ओट्यावरचं शेवाळ टाळून तिवई कुठे ठेवावी ते बघत होता. मला उजेड परतवणारा पांढरा पडदा धरून उभं केलं होतं. रेवतीने फळ्यांकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि बाबाला म्हणाली, "मंदार, ती दाराची रेघ दिसतेय. सलग वाटत नाही." मग तिने आणि बाबाने काँक्रीटच्या कुंडीतलं ऑलिव्हचं झाड गालिच्यावरून ओढत आणलं आणि त्या रेघेपुढे उभं केलं. दार बाहेर उघडणारं होतं.

"बाबा, आई आत आहे," मी म्हणाले.

"तिची मीटिंग लांबणार आहे. तोवर होतंय आपलं."

फोटोवाला तिवई घेऊन आत आला आणि फोटो निघू लागले. आतून आईच्या बोलण्याची पुटपुट ऐकू येत होती, मग ती थांबली. मग फळी थोडी हलली आणि कुंडीला लागली. आईने आतून ठोकलं.

"मंदार, दार उघड."

"दोन मिनिटं अनु, एवढा शॉट होऊ दे," बाबा म्हणाला. कुजबुजत म्हणाला, जणू फोटोत आवाज येतो.

"प्लीज अनुराधा, उजेड जातोय!" रेवती म्हणाली. उजेड कुठेही जात नव्हता. तो आलेलाच नव्हता.

आईने पुन्हा ठोकलं नाही. फोटोवाल्याला मराठी कळत नव्हतं. तो यंत्रात वाकून होता. मी पडदा खाली टाकला आणि डचमध्ये, पोकळीत घुमेल अशा आवाजात त्याला म्हणाले, "माझी आई त्या भिंतीत आहे."

त्याने डोकं वर काढलं. आधी माझ्याकडे, मग फळ्यांकडे, मग बाबाकडे पाहिलं. "आत माणूस आहे?" त्याने विचारलं. बाबा इंग्रजीत काहीतरी सांगू लागला, तेवढ्यात तो पुढे येऊन कुंडीला खांदा लावून मोकळा झाला होता. आम्ही दोघांनी ती ढकलली. काँक्रीटवर तिचा ओरखडा उठला आणि रेवतीच्या तोंडून जो आवाज निघाला तसा आई अडकल्यावर निघाला नव्हता.

आई बाहेर आली. निळ्या कोटाच्या कोपराला ज्वारीचं पीठ लागलं होतं. तिने कुणाकडे पाहिलं नाही. लिंबांच्या आणि मेंढीच्या कातडीच्या मधून ती सरळ पुढच्या दाराकडे गेली, चपला खोक्यात भरलेल्या म्हणून बाबाचेच बूट पायात घातले, आणि सायकल काढून गेली. फोटोवाल्याने सामान आवरलं. मला म्हणाला, तिला माझ्याकडून सॉरी सांग. बाबाने मला तसं काही सांगायला सांगितलं नाही.

तासाभराने मी बाहेर आले तर आई योकेबाईंच्या बाकावर बसली होती. मांडीवर बाजारातल्या तळलेल्या माशांचा कागदी डबा, चेहऱ्यावर ऊन, पायांत बाबाचे बूट. योकेबाई शेजारी बसून तिच्याच डब्यातला तुकडा खात होत्या.

"कशी झाली मुलाखत?" मी विचारलं. मराठीत विचारलं.

"चांगली झाली," आई म्हणाली. "त्यांनी विचारलं, मागे बरण्या दिसतायत, स्वयंपाकघरात बसलात का? मी हो म्हटलं." तिने मासा खाल्ला, बोटं पुसली. "दिली त्यांनी नोकरी तर मी घेणार आहे, मनवा. आणि इथून येऊन-जाऊन करणार नाहीये."

दिली त्यांनी. माझं कॉलेजही अ‍ॅमस्टरडॅमलाच ठरलं होतं. उन्हाळा संपता संपता आम्ही दोघी तिथल्या झुइडओस्ट भागात एका उंच इमारतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. खालून मेट्रो जायची, शेजारच्या सुरिनामी कुटुंबाच्या घरातून दुपारी मसुराच्या डाळीचा वास यायचा, आणि सगळ्या खोल्यांना दारं होती. पितळी मुठींची, रंगाचे पापुद्रे निघालेली, कुरूप दारं. आई पहिल्या दिवशी ती नुसती उघडून आणि लावून बघत होती. त्या स्वयंपाकघरात, ती पोळ्या लाटत असताना, मी मराठी लिहायला शिकले. हे जे लिहितेय ते तिथलं आहे. त्या वयात मला वाटे की बाबाचा मला रागच आहे. आता कळतं की राग नव्हता, कीव होती, आणि कीव रागाहून वाईट असते, ती ओसरत नाही. ते फोटो मात्र अजून सापडतात. रेवतीचं नाव, पांढऱ्या फळ्या, ऑलिव्हचं झाड. खाली लोकांनी लिहिलंय, किती शांत घर आहे. मी कुणाकुणाला तो फोटो दाखवते आणि सांगते, इथे, या झाडामागे, माझी आई आहे.

बाबा त्या घरात एकटा एक हिवाळा राहिला. मग त्याने ते विकलं. घेणाऱ्या डच जोडप्याने सर्वांत आधी पोकळीवर जमीन घालून मुलाची खोली केली, असं योकेबाईंनी आईला फोनवर सांगितलं. बाबाने तो करंटेपणा आहे असं मत दिलं आणि आमच्याकडे राहायला आला. आईने ये म्हटलं होतं. का म्हटलं ते मला पटलं नव्हतं. मला ते पटलं पाहिजे असं तिलाही वाटलं नव्हतं.

आला त्या रविवारी तो कोट न काढता स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. इकडे-तिकडे पाहिलं. मग खिशातून लेझरचं मोजयंत्र काढून त्याने लाल ठिपका बैठकीच्या भिंतीवर टाकला.

"ही भिंत काढली ना, अनु, तर इथे..."

आईने ते यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं, फ्रिजवर ठेवलं, आणि त्याच हातात कोथिंबिरीची जुडी दिली.

"फोडणी करतेय," ती म्हणाली. "दार लाव आणि बस."

बाबाने दार लावलं. स्टुलावर बसला, कोटासकट, आणि कोथिंबीर निवडायला लागला. देठं पातेल्यात, पानं कचऱ्यात. आईने ते पाहिलं आणि मोहरी टाकली.